करंगळी मुठीखाली

बफेलो, वायोमिंग
३ जून १९९६

प्रिय ओपल आत्या,

मी लॅरामीचं कॉलेज फेब्रुवारीत सोडलं हे बाबांनी तुला कळवलं असेल, आणि त्यांच्या पद्धतीनं कळवलं असेल. माझी बाजू पुन्हा कधीतरी. सध्या इथल्या पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलतो. पाठ अजून शाबूत आहे.

लिहायला बसलो ते वेगळ्या कामासाठी. तू चाळीस वर्षं रिव्हॉल्व्हरच्या मुठी कोरल्यास, तेव्हा तुलाच विचारतो. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

सगळ्यात लहान चौकटीचं आणि म्हणून सगळ्यात लहान मुठीचं सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर कोणतं? एका मुलीच्या हातासाठी हवंय.

आता 'कोण मुलगी' असं विचारणारच तू, म्हणून सांगून टाकतो. माइटे एचेव्हेरी. तिच्या आजोबांच्या वेळेपासून त्यांच्या मेंढ्या आहेत इथे, मूळ स्पेनकडचे बास्क लोक. आमच्या क्लबात ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नेमबाजीला येते. क्लब म्हणजे तुला माहीतच आहे: शंभर वर्षांपूर्वीचे कपडे, प्रत्येकाला एक टोपणनाव, पोलादी पाट्या, आणि प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढायला लावणारी जुन्या घडणीची रिव्हॉल्व्हरं. मी टोपणनाव 'वीज' असं नोंदवलं होतं. लोक मला 'दीड सेमिस्टर' म्हणतात.

तर काल काय झालं. माइटेकडे मधल्या चौकटीचं आहे, जुन्या कोल्टच्या मापाचं. गोळ्या भरायच्या टेबलापाशी मी तिच्या मागेच उभा होतो. बघतो तर तिची करंगळी मुठीवर नाहीच. मुठीच्या खाली दुमडलेली. हात घसरत खाली आलेला, हे आंधळ्यालाही दिसावं. मी तिच्या भल्यासाठीच म्हणालो, की तुझ्या हाताला हे झेपत नाहीये, तू लहान चौकटीचं सिंगल-सिक्स घे, मुलींच्या मापाचं असतं.

थोडं मोठ्यानं म्हणालो असेन. वारा होता.

अकरा माणसं वळून बघायला लागली. माइटे म्हणाली, "हे मला लिहून दे. घरी मेंढ्यांना वाचून दाखवते." आणि माझ्यापेक्षा नऊ सेकंद आधी सगळ्या पाट्या पाडून घरी गेली. नऊ सेकंद म्हणजे किती हे तुला सांगायला नको. माझ्याकडे मोठ्या चौकटीचं व्हाकेरो आहे, चांगलं भरभक्कम, माझ्या तिन्ही बोटांना मुठीवर ऐसपैस जागा आहे. तरी नऊ सेकंद. नशीब म्हणतात ते हेच.

आत्या, २१ सप्टेंबरला जोडीची स्पर्धा आहे. तिनं अजून जोडीदार निवडलेला नाही. प्रुएट नावाचा एक दंतवैद्य तिच्यामागे आहे, त्याच्याकडे हस्तिदंती मुठींचे चार नग आहेत आणि त्या मुठींसारखेच पांढरे दात. मला तिच्या मापाचं काहीतरी नेऊन द्यायचंय, म्हणजे तिला कळेल की मी अपमान करत नव्हतो, बरोबर बोलत होतो.

लवकर लिही.

तुझा,
मेरिट


सिल्व्हर सिटी, न्यू मेक्सिको
१२ जून १९९६

चिरंजीव वीज यांस,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा हसू आवरेना, तिसऱ्यांदा नीट.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, मग तुझं. चौकट वेगळी आणि मूठ वेगळी, बाळा. चौकट म्हणजे नळी आणि गोळ्यांचं चाक धरणारं घर, मूठ म्हणजे त्याचं दार. लहान घराला मोठं दार असू शकतं. तू ज्या सिंगल-सिक्सला मुलींच्या मापाचं म्हणतोस, त्याची चौकट लहान आहे खरी, पण मूठ जुन्या कोल्टच्याच मापाची, तसूभरही लहान नाही. म्हणजे अकरा माणसांसमोर तू त्या मुलीला सांगितलंस, की तुझी मूठ सोड आणि तीच मूठ घे.

तुझ्या व्हाकेरोची चौकट मोठी आहे, आणि मूठही कोल्टपेक्षा भरलेली, चापाच्या मागे बोटाच्या पेराला जास्त जागा देणारी. बिस्ली नावाच्या घडणीची मूठ आणखी वेगळी, मेंढ्याच्या शिंगासारखी वर चढते. ज्याला आवडते त्याला आवडते, बाकीचे शिव्या देतात. जुन्या लष्करी मापाची मूठ आरमारी मापापेक्षा, म्हणजे कोल्टच्या नेहमीच्या मुठीपेक्षा, अर्ध्या पेरानं लांब. कोणती कोणाला बसेल हे हात बघितल्याशिवाय परमेश्वरालाही सांगता येणार नाही. तू मात्र पाठीमागे उभं राहून सांगितलंस.

तेव्हा हात बघू दे. तिच्या उजव्या हाताची बाह्यरेषा कागदावर काढून पाठव. हात सपाट, बोटं जुळलेली, अंगठा मोकळा, आणि पेन्सिल सरळ उभी. तुझ्याही हाताची पाठव. तुला पेन्सिल धरता येते का तेवढंच बघायचंय. कॉलेजात शिकवलं असेल तेवढं.

अंगणातल्या मिरच्या यंदा तिखट होणार असं दिसतंय. तुझ्या बापाला सांग, मी मेले नाही.

तुझी आत्या,
ओपल


बफेलो
८ जुलै १९९६

प्रिय आत्या,

घर, दार, सगळं समजलं. पण तू तिची करंगळी पाहिलेली नाहीस.

हात मिळवायला महिना लागला, कारण ती माझ्याशी बोलत नाही. शेवटी चार तारखेला त्यांच्याकडे पेंडीची वीस पोती पोहोचवायची होती. मी क्लबाचं काळं जाकीट घालून गेलो. पोती उतरवायला जाकीट कशाला, असं तुझ्या मनात येईल. तिच्याही आलं.

ती स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळत होती. मेंढ्यांची कातरणी संपली होती, वीसेक माणसं जेवायला यायची होती, मागे मटणाचं मोठं पातेलं रटरटत होतं. मी दारात उभा राहून म्हणालो, "माइटे, तुझ्या हाताचं माप हवंय."

"कशाला? हातकडी बनवतोयस?"

"मूठ. माझी आत्या बनवते."

"मला आहे की मूठ."

"ती तुला बसत नाही म्हणून तर—"

इतकंच बोललो. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, पिठानं भरलेला उजवा पंजा माझ्या छातीवर ठेवला, आणि मला दाराबाहेर नेऊन उभं केलं. ढकललं नाही हं. नुसतं चालत नेलं, मी उलटा चालत होतो. मग दार लावलं. आतून तिची आजी बास्कमध्ये काहीतरी म्हणाली आणि दोघी किती वेळ हसत होत्या.

पण आत्या, काळ्या जाकिटावर पांढरा पंजा. पाचही बोटं, पेरं न् पेरं स्पष्ट. गाडीत मी पाठ टेकवून बसलो नाही, छाती पुढे काढून वीस मैल आलो. घरी जाकीट टेबलावर पसरून कागदावर उतरवून घेतलं. सोबत पाठवतोय. बोटं जुळलेली नाहीत, त्याला माझा इलाज नव्हता.

माझाही हात पाठवतोय. तुलना तूच कर. माझ्या मते तिला आरमारी मापाहूनही बारीक मूठ लागेल.

प्रुएटनं तिला कातरणीनंतर एक डबाभर सुके जर्दाळू दिले. दंतवैद्यानं. गोड वस्तू.

तुझा,
मेरिट

ता. क. जाकीट धुतलेलं नाही.


सिल्व्हर सिटी
१७ जुलै १९९६

प्रिय मेरिट,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते तू दोन कागदांवर पाठवलंस.

पहिला कागद. माइटेच्या हाताभोवती दोन रेषा आहेत. आतली ठळक, आणि तिच्या बाहेर एक खोडलेली. खोडरबरानं कागद खरवडला गेलाय, पण उन्हात धरला की रेघ दिसते. बोटांच्या टोकाशी अर्धा इंच कमी केलायस. का रे? पीठ पसरलं असेल असं वाटलं? पीठ असं सगळीकडे सारखं पसरत नाही, गाढवा. जाकिटावर उमटलेला हात खरा होता, तो तुला पटला नाही म्हणून तू दुरुस्त केलास.

दुसरा कागद. तुझा हात. पेन्सिल सरळ धर म्हटलं होतं, तू ती सगळीकडे बाहेर कलवलीस. रेघेची जाडी सांगते. मी चाळीस वर्षं लोकांच्या हातांचे कागद बघितलेत. सगळे पुरुष पेन्सिल बाहेर कलवतात, आणि मी प्रत्येक कागदातून तेवढं वजा करते. तुझ्यातूनही केलं.

आता ऐक. बसून ऐक. तिचा हात तुझ्या हातापेक्षा लांब आहे. मधलं बोट पाऊण इंचानं. आयुष्यभर मेंढ्या कातरणारीचा हात आहे तो. तिच्या रिव्हॉल्व्हरची मूठ तिला मोठी नाही, आखूड आहे. म्हणूनच करंगळी खाली जाते. आणि ती घसरलेली नसते, मुद्दाम ठेवलेली असते. खालून टेकू दिला की धक्क्याला नळी वर उडत नाही आणि अंगठा आपोआप घोड्यावर येतो. मीही अशीच चालवत आले. नवशिके तिन्ही बोटं मुठीवर ठेवून ती लिंबासारखी पिळत बसतात.

तुझा अंगठा त्या व्हाकेरोच्या घोड्यापर्यंत पोहोचतो का? खरं सांग. का दर गोळीला हात फिरवून वर सरकवतोस आणि मग परत खाली? पाच गोळ्या, पाच वेळा वर, पाच वेळा खाली. ते तुझे नऊ सेकंद. नशीब कसलं आलंय त्यात.

मोठी चौकट कोणाच्या हाताला झेपत नाही ते आता मी तुझ्या तोंडून ऐकायला थांबलेय. लॅरामीला तू भर वर्गात मास्तरांना सांगितलंस की फळ्यावरचं उत्तर चुकलंय. तुझा बाप म्हणतो ते बरोबर होतं. मग तू दप्तर उचलून निघालास. आता इथून निघून कुठे जाणार?

जा आणि तिची माफी माग. माप घ्यायला नको, रिकाम्या हातानं जा.

तुझी,
ओपल आत्या


बफेलो
२४ जुलै १९९६

आत्या,

माझा हात लहान नाही. त्या दिवशी थंडी होती, हात आखडला होता.

लॅरामीचा विषय काढायची गरज नव्हती. तू हजार मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, आणि कागद उन्हात धरून बघतेस. घरच्या माणसाचा कागद कोणी उन्हात धरतं का?

यापुढे मी लिहिणार नाही.

मेरिट हॅल्डेन


बफेलो
२ सप्टेंबर १९९६

प्रिय ओपल आत्या,

तू मध्ये एकही पत्र पाठवलं नाहीस. मी रोज पेटी बघत होतो. लिहिणार नाही असं मी म्हणालो होतो, तू नव्हे.

जुलैत थंडी नव्हती. नव्वद फॅरनहाइटच्या वर पारा होता.

ऑगस्टच्या रविवारी मी पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. दर गोळीला वर, दर गोळीला खाली. खालच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हायरमला विचारलं, तुझं कोल्टच्या मापाचं एक फेरी देतोस का. तो म्हणाला, "दीड सेमिस्टर, शेवटी प्रश्न विचारलास होय?" मी ते हातात धरलं आणि, आत्या, ते हातात बसलं. अंगठा न शोधता घोड्यावर. मी नेहमीपेक्षा अकरा सेकंद लवकर संपवलं. हायरम टोपी काढून उभा राहिला, चेष्टेनंच. मला मात्र रडू येईल असं वाटलं. दोन वर्षं मी ते मोठं धूड कमरेला लावून फिरतोय, कारण दुकानदारानं विचारलं होतं, "मोठं की मधलं?" आणि मागे लोक उभे होते.

महिनाभर धीर गोळा करण्यात गेला. काल पुन्हा पहिला रविवार. गोळ्या भरायच्या टेबलापाशी ती उभी होती: एक भर, एक खण सोड, चार भर, घोडा रिकाम्या खणावर. मी मागे नाही, समोर जाऊन उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "माइटे, जूनमध्ये मी तुझ्या हाताबद्दल जे बोललो ते चूक होतं. तुझी करंगळी जिथे हवी तिथेच आहे. रिव्हॉल्व्हर माझ्याच हाताला मोठं होतं."

प्रुएटचा काडतुसांचा डबा हातातच राहिला.

ती म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं का बोलतोयस?"

"तेव्हा मोठ्यानं बोललो होतो म्हणून."

तिनं थोडा विचार केला. "बरोबर आहे," म्हणाली. मग म्हणाली, "सरक, माझी पाळी आहे."

एवढंच झालं. जोडीचं मी विचारलं नाही. प्रुएटनं विचारलंय, आणि ती 'सांगते' म्हणाली आहे. एकवीस तारखेला एकोणीस दिवस आहेत. जेवण जात नाही.

सोबत तिच्या हाताचा कागद परत पाठवतोय, जाकिटावरून नव्यानं उतरवलेला. या वेळी काहीही कमी केलेलं नाही. तुला जमलं तर या हाताला लांब मूठ करशील? तिनं माझ्याबरोबर खेळावं म्हणून नाही. म्हणजे, थोडं त्यासाठीच. पण नाही खेळली तरी दे.

लॅरामीच्या मास्तरांनाही एक पत्र टाकलं. उत्तर नाही आलं. तू म्हणशील, बरोबर उत्तर त्यांनी फळ्यावर लिहिलंच होतं.

तुझा,
मेरिट


सिल्व्हर सिटी
९ सप्टेंबर १९९६

प्रिय मेरिट,

मी मध्ये लिहिलं नाही, कारण तू तापला होतास आणि तापलेल्या लोखंडावर मी कधी लाकूड बसवत नाही.

सोबतच्या खोक्यात एक मूठ आहे. पितळी पाठ, अक्रोडाचं लाकूड, लष्करी मापाची, लांब. १९५७ साली मी ती माझ्यासाठी केली. माझा हात आणि या मुलीचा हात कागदावर ठेवून पाहिला, फरक एका नखाचा. माझ्या रिव्हॉल्व्हरवरून ती काढली. ती चौकट आता नुसती खोक्यात पडून आहे. रिव्हॉल्व्हर असं टपालानं पाठवता येत नाही, पण मूठ येते. कायद्याच्या लेखी चौकट म्हणजे बंदूक आणि मूठ म्हणजे नुसतं लाकूड. मी जन्मभर उलटं मानत आले.

नवीन करून दिली असती. पण माझी बोटं दोन वर्षांपासून मिटत नाहीत, कानस धरवत नाही. तुझ्या बापाला सांगितलं नव्हतं. तूही सांगू नकोस. तो फोन करेल, आणि मला ऐकू येणार नाही.

ही मूठ तुझ्याकडे येणार असं घरातले सगळे धरून चालले होते. तूही. पण ती तुला बसत नाही. तू आता स्वतःच तसं लिहू शकतोस, म्हणून निर्धास्त पाठवते.

एकच अट. ती तिला बसवू दे, चालवू दे. तिला जुनीच बरी वाटली, करंगळी खालीच हवी वाटली, तर तू 'बरं' म्हणायचं आणि खोकं बंद करायचं. 'पण' म्हणायचं नाही. 'आत्या म्हणाली' म्हणायचं नाही. जमेल?

जेव. उपाशी माणसाचा हात थरथरतो.

तुझी,
ओपल आत्या


बफेलो
२३ सप्टेंबर १९९६

आदरणीय ओपल आत्या,

मी माइटे एचेव्हेरी. मेरिटनं पत्ता दिला. तुम्हाला लिहिते म्हटल्यावर तो पांढरा पडला, पण दिला.

तुमची मूठ तो चौदा तारखेच्या शनिवारी घेऊन आला. या वेळी जाकीट नव्हतं. माझ्या काकांनी ती माझ्या चौकटीवर बसवून दिली, किंचित कानस मारावी लागली. मी हातात धरली. आत्या, इतकी नीट बसणारी वस्तू मी आयुष्यात हातात धरलेली नाही. कोणीतरी हस्तांदोलन करावं तशी.

मग कुंपणापलीकडच्या पाट्यांवर चालवली. दोन सेकंद सावकाश. पुन्हा चालवली. पुन्हा दोन सेकंद. करंगळीला टेकू द्यायची सवय, आणि आता तिला मुठीवर बसायला जागा मिळाली, तर ती बावरून गेली. आजी पायरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, बोटाला एवढी जागा दिली की ते आळशी होतं.

मी मेरिटला म्हटलं, "सुंदर आहे, पण मला माझी जुनीच बरी."

त्याचे कान लाल झाले. तोंड उघडलं. मी वाट बघत होते. आजीही वाट बघत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण तो आता काहीतरी बोलणार हे तिलाही कळलं होतं.

तो म्हणाला, "बरं."

आणि खोकं घेऊन मूठ परत गुंडाळायला लागला. कागद उलटा गुंडाळत होता, पण पुढे एक शब्द नाही. आजी आत जाऊन त्याच्यासाठी ताट घेऊन आली. आमच्याकडे ताट येणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. तुम्ही सांगू नका.

मी त्याला विचारलं, "एकवीस तारखेला तुला कोणी जोडीदार आहे का?"

तो म्हणाला, "नाही. प्रुएटला विचारू का?"

मला दहा मिनिटं हसू आवरलं नाही. डॉक्टर प्रुएट चांगले आहेत, आत्या, पण त्यांनी मला कधीही स्वतःचं चुकलं असं सांगितलेलं नाही. दात किडला तरी ते दाताचंच चुकलं म्हणतात.

आम्ही सहावे आलो. मी पहिली आले असते, तो अकरावा आला असता, सरासरी काढून सहावे. त्यानं हायरमचं मधल्या चौकटीचं वापरलं. घोड्यापर्यंत त्याचा अंगठा आता पोहोचतो, पण हायरमची मूठ अजून थोडी जाड आहे त्याला. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही. आता तुम्हाला सांगते.

तुमची मूठ परत पाठवत नाहीये. नोव्हेंबरात कोकरं बाजाराला गेली की मी ती घेऊन तुमच्याकडे येणार आहे, कारण ती तुमच्या चौकटीवर असायला हवी. मेरिटही येईल. तुमच्या हातांबद्दल त्यानं मला सांगितलं. तुम्ही 'बापाला सांगू नकोस' असं लिहिलं होतं, माझं नाव त्यात नव्हतं. तुम्ही खुर्चीत बसून सांगायचं, लाकूड आम्ही कापू. मला कातरी चालवता येते, कानसही येईल. त्याला ओरडायला एक माणूस लागतो, ते तुम्ही बघा.

त्याच्यासाठी बारीक मूठ हवी आहे. सोबत माप पाठवते. कागद एकच आहे, कारण घरात एकच कोरा सापडला, म्हणून दोन्ही हात एकावर एक काढलेत. बाहेरचा माझा, आतला त्याचा.

दोन्ही त्यानंच काढले. खोडरबर मी आधीच लपवून ठेवलं होतं, पण त्यानं ते मागितलंच नाही. पेन्सिल सरळ होती.

तुमची,
माइटे